पट्टे कुणी ओढायचे

चनाप्पा पेंटर शहाणा होता का खुळा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गावात विचाराल तर निम्मे लोक एक सांगतील, निम्मे दुसरं. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, माझ्या बोलण्याला फार किंमत द्यावी असं काही नाही. पण त्याच्या घराची भिंत माझ्या घराच्या भिंतीला लागून होती, आणि माझ्या पोराच्या अंगावर त्यानं चार वर्षं वाघ काढला. म्हणून मला जे दिसलं ते लिहिते.

आधी वाघाचं सांगते. आमच्या भागात मोहरमला हिंदू घरंही पिरांना मानतात. पिरांचे धातूचे पंजे बसतात, घरोघरी चोंग्यांच्या गोड पोळ्या होतात, मलिदा होतो. आणि ज्याच्यासाठी नवस बोललेला असेल तो वाघ होतो. म्हणजे उघड्या अंगावर पिवळा रंग, त्यावर काळे पट्टे, मागं शेपूट, आणि दहाव्या दिवशी दुपारी हलगीपुढं नाचायचं. हे आजे-पणज्यांपासून चालत आलंय. का, ते कुणी विचारत नाही. चनाप्पानं विचारलं, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

त्याची टपरी नळदुर्गजवळ हायवेला, एका धाब्याच्या कडेला होती. ट्रकच्या मागची नावं, नंबरप्लेटी, ट्रॉलीवरची मोरं आणि गुलाब ही त्याची कामं. दुकानांच्या पाट्या आधी करायचा, फ्लेक्स आल्यावर त्या गेल्या. उंच, पाठीत थोडा वाकलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ब्रश फडक्याला न पुसता शर्टाला पुसायचा, तोही नेमका डाव्या खिशाला. त्यामुळं त्याच्या सगळ्या शर्टांचा डावा खिसा सारखाच दिसे. बायको लवकर वारली होती, एकुलती लेक हैदराबादला दिलेली. घरात कानडी बोलायचा, पण बायको गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही, मग भिंतीपलीकडून मला हाक मारायचा.

त्याची अक्षरं लिहायची रीत उलटी होती. तो शेवटचं अक्षर आधी काढायचा. ट्रकवर मालकाचं नाव लिहायचं असलं तरी उजव्या कडेला शेवटचं अक्षर आधी, मग मागं सरकत सरकत पहिलं. नवा ड्रायव्हर असला की घाबरायचा, हा काय लिहितोय म्हणून. चनाप्पा म्हणायचा, "शेवट बसला का सुरवात आपोआप बसतीय." आणि खरंच बसायची. कधी एक अक्षर दाटलं नाही की चेंगरलं नाही.

माझा दत्ता एकोणीस वर्षांचा असताना तापानं आजारी पडला. सोलापूरच्या दवाखान्यात अकरा दिवस त्यानं कुणाला ओळखलं नाही. अकराव्या दिवशी मी गावी येऊन पिरापुढं बोलले की पोरगं उठू दे, पाच वर्षं वाघ करीन. पोरगं उठलं. औषधानं उठलं का पिरानं, यात मी पडत नाही. बोलले ते बोलले. पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं.

पहिल्या वर्षी चनाप्पानं दत्ताच्या अंगावर असा वाघ काढला की गल्लीतली कुत्री खाटेखाली शिरली. मी खूश. दुसऱ्या वर्षी पाठीवर चौथा पट्टा ओढता ओढता त्याचा हात मधेच थांबला.

"काय झालं रे?"

"आक्का, हात चालायलाय. पन का चालायलाय ते कळंना."

"चालायलाय न्हवं? मग चालू दे. रंग वाळायलाय."

"काकानं दाखवलं तसं वढतोय. पोटावर सात, पाठीवर नऊ. काकाला कुनी दाखवलं?"

"तुझ्या काकाला विचार."

"काका मेला की."

"मग गुमान वढ."

त्यानं गुमान ओढले, पण त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात किडा शिरला. आमचे मुजावर चाचा पंजांची सेवा करतात, सत्तरीचे आहेत. त्यांना जाऊन विचारलं. चाचा म्हणाले, "मेरे अब्बा के टैम भी वाघ था, उनके अब्बा के टैम भी. तुझको पेंट का काम दिया है, वकिली का नही." चनाप्पा परत येऊन मला म्हणाला, "चाचालाबी ठावं न्हाय, आक्का." जणू चाचानं काहीतरी चोरलंय आणि ते त्यानं पकडलंय, असा त्याचा चेहरा झाला होता.

मग तो हैदराबादला वाघ बघायला गेला. ओळखीच्या ट्रकमधून फुकट. लेकीला भेटायला जातो म्हणाला, आणि लेकीच्या घरी दोन तास थांबून उरलेले दोन दिवस पिंजऱ्यापुढं उभा राहिला. परत आला तेव्हा पाय सुजलेले.

"दिसला का वाघ?"

"झोपला हुता. मंग कूस बदलली त्यानं. आक्का, दोन्ही कुशींचे पट्टे सारखे न्हाईत."

"मग?"

"मग काय? आपून आजपातूर दोन्ही अंगं सारखी काढायलाव. समदं चुकलंय."

तिसऱ्या वर्षी दत्ताची डावी बाजू वेगळी आणि उजवी बाजू वेगळी. लोकांनी हसून घेतलं. एक जण म्हणाला, "पेंटर, रंग संपला का मधीच?" दुसरा म्हणाला, "दोन वाघ शिवलेत मधी." चनाप्पाला वाईट वाटलं नाही. कंपाउंडर जखम बघतो तसा तो दत्ताकडं दोन्ही बाजूंनी बघत होता. मला मात्र वाटलं होतं की दोन्ही बाजू सारख्या असत्या तर बरं दिसलं असतं. पिराला काय वाटलं ते मला माहीत नाही.

त्याच्यानंतर त्याला धाराशिवच्या कॉलेजातले कुणी प्राध्यापक भेटले. कुठं भेटले, कसे भेटले, मी विचारलं नाही. पण तो महिन्यातून दोनदा एसटीनं धाराशिवला जाऊ लागला आणि येताना कागदं आणू लागला. शाळेच्या जुन्या हजेरीच्या वहीत तो ते सगळं उतरवायचा. आठवी शिकलेला माणूस, पण अक्षर छापल्यासारखं. काय लिहिलंय ते त्याला निम्मं कळायचं, तरी दोन रंगांच्या शाईनं लिहायचा आणि मला वाचून दाखवायचा. मला काहीच कळायचं नाही, पण तोवर माझ्या शेंगा फोडून व्हायच्या.

एकदा त्यानं 'प्रतीक' असा शब्द आणला.

"प्रतीक म्हंजे काय?"

"म्हंजे आक्का, दिसतंय एक आनि असतंय दुसरंच. आता तुमच्या दारावरचा नारळ बघा. त्यो नारळ न्हाई. राखन हाय."

"नारळच हाय. श्रावणात बांधलाय. फोडून बघ, खोबरं निघंल."

तो हसला नाही. वहीत काहीतरी लिहिलं. माझं बोलणं लिहिलं का काय, देव जाणे. मी म्हणाले, "माझं नाव घालू नको त्याच्यात." तर म्हणाला, "घातलं बी."

चौथ्या वर्षी तो एकेका पट्ट्याला इतका वेळ लावायला लागला की हलगी पुढं निघून गेली आणि दत्तानं अर्ध्या पट्ट्यांनिशी पळत जाऊन तिला गाठलं. लोकांनी अर्धाच वाघ बघितला. माझ्या मनात तेव्हाच शंका आली की हे चौथं धरायचं का नाही. पण धरलं. एका वर्षात काय, पुढच्या वर्षी नीट करून घेऊ, असं म्हणाले. तो पुढचा आणि शेवटचा वाघ. तो झाला की मी मोकळी.

मुरुमला एका व्यापाऱ्याच्या घरात तो दाराची चौकट रंगवायला गेला होता. तिथं भिंतीवर एक जुना फोटो त्यानं पाहिला. निजामाच्या वेळचा असावा असं घरचे म्हणाले. फोटोत वाघाचं सोंग घेतलेला माणूस उभा होता. चनाप्पानं दोन दिवस त्या फोटोपुढं काढले, चौकट तशीच राहिली. मग त्यांच्याच पोरीच्या मोबाईलवर त्याचा फोटो काढून तो कागदावर छापून आणला आणि रात्रभर नीट झोपलाही नसावा, कारण पहाटे मी सडा टाकायला उठले तर तो माझ्या ओट्यावर बसलेला.

"आक्का, बघा."

मी बघितलं. काळं-पांढरं. पोट सुटलेला एक माणूस, अंगावर पट्टे.

"पट्टे बघा. तीन-तीन जोडीनं गेलेत. एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर. ही बोटं हाईत. ब्रश न्हाई. आनि कडंला बघा."

कडेला एक हात होता. फक्त हात, कोपरापर्यंत बांगड्या. बाकीची बाई फोटोबाहेर.

"ही बाई पट्टे वढायलीय," तो म्हणाला. "आई हाय का बायको, ठावं न्हाय. पन नवसवाली हाय. पेंटर न्हवताच आक्का. पेंटर मागनं घुसलाय."

"ती बाई एकाद्या पोराला बाजूला करायली आसंल. फोटोत मधी येतंय म्हनून."

हे मी नुसतं बोलून गेले. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "तपासून बघू."

तपासायचं म्हणजे त्यानं माझ्या न्हाणीच्या मागची भिंत मागितली. चुन्यानं पांढरी केली. तेलात काजळी कालवली आणि गल्लीतल्या बायकांना एकेक करून बोलावलं. तीन बोटं बुडवायची आणि भिंतीवरून वरून खाली ओढायची. बायकांना मजा वाटली. सतरा जणी आल्या. प्रत्येकीच्या पट्ट्याखाली त्यानं सुरेख अक्षरात तिचं नाव लिहिलं आणि पट्टीनं अंतर मोजलं. संध्याकाळी नवरे गोळा झाले. आमच्या बायकांची नावं न्हाणीमागं कशाला, म्हणून. एक तर काठी घेऊन आला होता. चनाप्पा त्यालाच सांगत बसला, "तुमच्या मंडळीची बोटं फोटोशी लई जुळायलीत हो." मी मध्ये पडले नसते तर मार खाल्ला असता. भिंत मी दुसऱ्या दिवशी सारवून टाकली. काजळी अजून खालून दिसते.

पाचवं वर्ष आलं. दहाव्या दिवशी सकाळी दत्ता आंघोळ करून लंगोट लावून पाटावर बसला. चनाप्पानं हळद आणि तेल लावून त्याला पिवळा केला. नेहमीचा डब्यातला रंग नव्हता, ते मला आवडलं नाही, पण बोलले नाही. मग त्यानं काजळीची वाटी माझ्यापुढं ठेवली आणि हात पुसून बाजूला बसला.

"हे काय?"

"काजळी. तिळाच्या तेलातली."

"ते दिसतंय. ब्रश कुठाय?"

"नवस कुनी केला, आक्का?"

"म्या."

"मंग पट्टे तुमी वढायचे."

मला पहिल्यांदा वाटलं तो थट्टा करतोय. पण त्याला थट्टा येतच नव्हती. मी म्हणाले, "मला रेघ वढता येत न्हाई. सही करताना माझा हात थरथरतोय."

"रेघ न्हाई वढायची. बोटं फिरवायची."

"आरं, शेवटचं वरीस हाय माझं! असलं खूळ पुढच्या गिऱ्हाइकावर कर."

"चुकीचं हाय हे कळल्यावर कसं करू?"

"मग मागची चार? ती तूच काढली न्हवं?"

त्यानं चष्मा काढला, डाव्या खिशाला पुसला, आणखी घाण केला. "ती माझी झाली आक्का. चित्रं झाली ती."

"आनि नवस?"

"ठावं न्हाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षं मी उपास केले, चोंगे केले, पोराला उन्हात नाचवलं, आणि हा म्हणतो चित्रं झाली. मी तोंडाला येईल ते बोलले. कानडीतही एक शिवी दिली, त्याच्याच बायकोकडून शिकलेली. तो ऐकत बसला. दत्ता पाटावरून म्हणाला, "आई, हलगी चौकात आली. कुनीबी वढा, पन वढा. हळद चावायलीय."

दुसरा पेंटर आणायला वेळ नव्हता. मी बोटं वाटीत घातली.

दत्ताच्या पाठीला मी कितीतरी वर्षांत हात लावला नव्हता. तापात लावला होता, तेव्हा मणके मोजता येत होते. आता चांगली रुंद झाली होती. पहिला पट्टा वाकडा गेला, दुसरा त्याच्यात मिसळला. तिसऱ्याला दत्ता हसायला लागला, गुदगुल्या होतात म्हणून. मी त्याच्या डोक्यात टपली मारली, तिथंही काजळी लागली. सोळा पट्टे ओढायचे तर अकरा ओढले आणि दमले. वाघ कसला, टरबूज दिसत होतं. चनाप्पा मात्र उठून उभा राहिला होता. त्याचं तोंड उघडं होतं. एकदा वाटलं तो रडतोय, पण धूर असेल, चूल तिथंच होती.

टरबूज चौकात नाचलं. लोक नाव घेऊन ओरडले, "आक्काचं टरबूज आलं रे!" मी घरातून बाहेर पडले नाही.

संध्याकाळी मुजावर चाचांना जाऊन विचारलं, "चाचा, माझा नवस फिटला का?"

"कितने साल हुए?"

"पाच. पन पेंटर म्हनतोय चार धरू नगा. मला वाटतंय ह्यो पाचवा धरू नये. ह्या दोन्हीतलं काय खरं?"

चाचांनी बराच वेळ दाढी खाजवली. "पेंटर को मैंने बोला था, वकिली मत कर." एवढंच म्हणाले आणि मलिदा दिला.

म्हणजे फिटला का नाही? मला आजही माहीत नाही. मी दत्ताला म्हणाले, आणखी चार वर्षं माझ्या हातानं करू आणि एक वर्ष दुसऱ्या पेंटरकडून, म्हणजे दोन्हीकडून पाच होतील. त्यानं हात जोडले. त्याचं लग्न ठरत होतं, टरबूज होऊन नाचायची त्याची तयारी नव्हती. पोरगं ठणठणीत आहे. पण त्याला साधी शिंक आली तरी माझं मन मोजायला लागतं, की एक वाघ झाला का चार झाले.

चनाप्पानं त्यानंतर नवसाचा वाघ काढला नाही. लोक यायचे, तो सांगायचा, घरच्या बाईनं ओढायचे. दोन-तीन घरांनी करून बघितलं, बाकीचे सोलापूरच्या स्प्रेवाल्याकडं गेले. त्याचे वाघ खरे वाटतात, मिशीचा केस न् केस दिसतो. मी चनाप्पाशी महिनाभर अबोला धरला. मग एक दिवस त्याची चहा पावडर संपली म्हणून तो आला, आणि मी चहा टाकला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काय रे, हात का चालतोय ते कळलं का शेवटी?"

"कळलं."

"मग?"

"आता चालंना."

त्यानं बशीत चहा ओतला आणि प्याला. मला त्याची कीव करावी का एक ठेवून द्यावी, कळेना. ट्रकची कामंही त्यानं कमी केली. पुढं लेक येऊन त्याला हैदराबादला घेऊन गेली, आणि तिकडंच तो वारला. निरोप आला तेव्हा महिना उलटून गेला होता.

तो हैदराबादला जाण्याआधीच्या मोहरममध्ये मी त्याला शेवटचा नीट पाहिला. मी उमरग्याला भाचीकडं निघाले होते, नळदुर्गच्या स्टँडसमोर उभी होते. कुठल्याशा तरुण मंडळानं वाघांची स्पर्धा ठेवली होती. मांडव, भोंगा, मोबाईल धरून उभी माणसं. स्प्रेवाल्याचं मशीन बंद पडलं होतं आणि एक दांडगा क्लीनर अर्धा पिवळा होऊन उभा होता. गर्दीच्या कडेला मला चनाप्पा दिसला. स्प्रेवाल्यानंही त्याला पाहिलं.

"ओ पेंटर, लावा की जरा हात. तुमचंच काम हाय."

चनाप्पा पुढं आला, पण ब्रश घेतला नाही. क्लीनरला विचारलं, "नवस कुनाचा हाय?"

"नवस बिवस काय न्हाय काका. बक्षीस हाय. व्हिडिओ टाकायचाय."

"आई काय बोलली न्हाई? बायको?"

"आईला ठावंबी न्हाय मी हितं नागडा हुबा हाय ते." लोक हसले.

"म्हंजे कुनाचाच न्हाई ह्यो वाघ?"

"कुनाचाच न्हाई."

चनाप्पानं शर्टाच्या बाह्या वर सारल्या. मग म्हणाला, "मंग आन ब्रश."

खांद्यावरून त्यानं पहिला पट्टा सोडला तो एका दमात कमरेपर्यंत आला. दुसरा त्याला बिलगून आला आणि ऐन वेळी बाजूला झाला. पोटावर किती, पाठीवर किती, काही मोजलं नाही. भोंगा चालू होता, लोक त्याच्या अंगावर रेलत होते. असा वाघ त्यानं माझ्या दत्ताच्या अंगावर कधी काढला नव्हता. पहिल्या वर्षीही नाही. ज्याचा कुणीच धनी नाही, त्याच्या अंगावर हा माणूस असा वाघ काढतो, आणि माझ्या नवसाला मात्र वाटी पुढं करतो. याला काय म्हणावं?

उमरग्याची बस आली. कंडक्टर ओरडला, "आजी, यायचं का?" मी हातानंच जा म्हणाले. मला चनाप्पाला हाक मारून चार शब्द सुनवायचे होते. पण कोणते ते ठरेना, म्हणून पिशवी खाली ठेवून बघत उभी राहिले. क्लीनर गर्दीतल्या कुणाला तरी हात करायला वळला, तशी चनाप्पानं त्याच्या पिवळ्या पाठीवर चापट मारली.

"हालू नगो रे. आजून लई ऱ्हायलंय."